लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर उतरवताना

घरातले जुने कपाट उघडून पाहा. वरच्या खणात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी, काळ्या रंगाची एखादी जाडजूड व्हिडिओ कॅसेट सापडण्याचा संभव आहे. थोरल्या काकांचे लग्न, आत्याचे डोहाळजेवण, आजोबांची एकसष्टी असे काही तरी तिच्यावर लिहिलेले असेल. त्या कॅसेटमध्ये चालती-बोलती असलेली कितीतरी माणसे आज घरात नाहीत. फोटोत चेहरा राहतो, पण चाल राहत नाही आणि आवाज तर नाहीच नाही. तो ठेवा या एका कॅसेटपुरता उरलेला असतो.

आणि ही कॅसेट कायमची टिकणारी वस्तू नाही. फितीवरचा चुंबकीय लेप वर्षागणिक दुबळा होतो. पावसाळ्यात तिला बुरशी धरते. ती चालवणारी यंत्रेही आता नव्याने बनत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवले आणि नव्या यंत्रांचा मार्ग बंद झाला. जी आहेत ती जुनी, दुरुस्तीवर चाललेली. तेव्हा ज्यांना कॅसेट उतरवून घ्यायची आहे त्यांनी आणखी पाच-दहा वर्षे थांबण्यात शहाणपण नाही.

पुष्कळ घरांत टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर अजून आहे, आणि आजीला तो चालवताही येतो. तबकडी घातली, बटण दाबले, चित्र सुरू. म्हणून कॅसेट किंवा हल्लीचे फोनवरचे शूटिंग डीव्हीडीवर घ्यावे असे अनेकांना वाटते. तालुक्याला स्टुडिओवाला हे काम करून देतो. घरात संगणक असेल तर शिकलेली मुले ते घरीही करतात. पण पुष्कळदा होते असे, की तबकडी संगणकावर चालते आणि घरच्या प्लेअरवर चालत नाही. किंवा चालते, पण नवरदेव आडवा पसरलेला दिसतो, वरात धक्के खात पुढे जाते, मंगलाष्टके ओठांच्या मागे पडतात. दोष प्लेअरचा नसतो. चित्रफीत बांधताना संगणकात जी मापे भरली, ती चुकलेली असतात.

ही मापे कोणती आणि ती कशी ठरवायची, ते या लेखात पाहू. त्यातली बहुतेक एकदाच समजून घ्यायची आणि मग डोळे झाकून तशीच ठेवायची आहेत. एकच माप दर वेळी हिशेब करून ठरवावे लागते, आणि तो हिशेब चौथीतल्या भागाकाराचा आहे.

प्लेअर हा जुन्या वळणाचा गडी

डीव्हीडी प्लेअर पहिल्यांदा जपानमध्ये १९९६ साली विक्रीला आला. त्याची भाषा त्या काळी ठरली आणि तशीच राहिली. चित्रासाठी तो 'एमपेग-२' नावाची बांधणी जाणतो. आजचे फोन ज्या बांधणीत चित्रीकरण करतात, ती एच-२६४ किंवा एच-२६५, पुष्कळ नंतरची आहे. ती कमी जागा खाते हे खरे, पण डीव्हीडीच्या नियमात ती बसत नाही. त्यामुळे फोनमधली फाइल तशीच तबकडीवर टाकली, तर ती संगणकाला वाचता येते, प्लेअरला येत नाही. काही प्लेअर डिव्हएक्ससारख्या आणखी एक-दोन बांधण्या वाचतात. पण दुसऱ्याच्या घरच्या प्लेअरची खात्री कोणी द्यायची?

एमपेग-२ करते काय, ते थोडे समजून घ्या, म्हणजे पुढचे सोपे जाईल. चित्रफितीत सेकंदाला पंचवीस चित्रे असतात. ती सगळी आहेत तशी साठवायची म्हटली तर एका तासाच्या चित्राला सुमारे ५६ जीबी जागा लागेल, म्हणजे बारा डीव्हीडी! म्हणून बांधणी करणारा प्रोग्राम, ज्याला एन्कोडर म्हणतात, तो तलाठ्यासारखे काम करतो. पहिले चित्र तो पुरते लिहितो, जसा पुरा सातबारा. त्यानंतरच्या चित्रांत फक्त जे बदलले ते नोंदवतो, जसे फेरफार. मांडव तोच, पाहुणे तेच, भटजींचा हात तेवढा हलला, तर हाताचीच नोंद. मात्र फेरफारावर फेरफार चढत गेले की चूकही चढत जाते. म्हणून ठरावीक अंतराने पुन्हा पुरे चित्र लिहावे लागते. आपल्याकडच्या डीव्हीडीसाठी हे अंतर जास्तीत जास्त १५ चित्रांचे आहे. प्रोग्राममध्ये 'जीओपी' नावाचा रकाना दिसेल, तिथे १५ हाच आकडा हवा. नव्या बांधणीच्या सवयीने काही जण तिथे २५० ठेवतात, आणि मग प्लेअर तबकडी नाकारतो.

एकदाच ठरवायची मापे

पहिले माप पद्धतीचे. भारतात दूरदर्शन 'पाल' पद्धतीचे, सेकंदाला २५ चित्रांचे. आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ, तिच्या निम्मी ही संख्या आहे. अमेरिकेत आणि जपानमध्ये 'एनटीएससी' पद्धत आहे, सेकंदाला २९.९७ चित्रांची. संगणकावरचे अनेक प्रोग्राम परदेशी असल्यामुळे एनटीएससी आधीच निवडून ठेवलेली असते. काहीही करण्यापूर्वी ती बदलून पाल करा. मात्र अमेरिकेतल्या पुतण्याला तबकडी पाठवायची असेल तर त्याच्यासाठी एनटीएससीची वेगळी तबकडी करून द्या. तिकडचे पुष्कळ प्लेअर पाल वाचत नाहीत.

दुसरे माप चौकटीचे. पाल डीव्हीडीची पूर्ण चौकट आडवी ७२० ठिपके, उभी ५७६ ओळी. फोनवर १९२० बाय १०८० किंवा त्याहून मोठे चित्र असते, म्हणून डीव्हीडीवरही तेवढेच ठेवू असा मोह होतो. तसे चालत नाही. आणखी एक चौकट नियमात बसते, ३५२ बाय ५७६ ची. तिचा उपयोग पुढे सांगतो, कारण जुन्या कॅसेटसाठी ती फार सोयीची आहे.

तिसरे माप रुंदी-उंचीच्या प्रमाणाचे. जुना टीव्ही ४:३ चा, नवा १६:९ चा. गंमत अशी की दोन्हींसाठी ठिपके तेच, ७२० बाय ५७६. तबकडीवर फक्त एक खूण करायची असते आणि त्या खुणेप्रमाणे टीव्ही चित्र पसरवतो. जुनी कॅसेट असेल तर ४:३ ची खूण करा. फोन आडवा धरून घेतलेले चित्र असेल तर १६:९ ची. ही खूण चुकली की नवरी-नवरदेव जाडजूड किंवा काठीसारखे दिसतात. फोन उभा धरून शूटिंग केले असेल तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. चौकट भरावी म्हणून चित्र ताणू नका.

चौथे माप आवाजाचे. डीव्हीडीत आवाजाचे नमुने सेकंदाला ४८,००० असावे लागतात. गाण्यांच्या सीडीत ते ४४,१०० असतात. म्हणून सीडीवरून सनईची धून जोडली असेल तर ती आधी ४८,००० वर आणून घ्यावी. आवाजाची बांधणी 'एसी-३' निवडा आणि तिला १९२ किलोबिट द्या. लग्नातल्या बोलण्याला, मंगलाष्टकांना, बँडला तेवढे पुरते. एमपी-३ गाण्यांसाठी कितीही प्रसिद्ध असली तरी डीव्हीडीच्या नियमात ती नाही. 'पीसीएम' नावाचा न आवळलेला आवाजही चालतो, पण त्याला १,५३६ किलोबिट लागतात. दीड तासात तो एकटाच एक जीबीहून अधिक जागा खातो, आणि ती जागा चित्राच्या तोंडची जाते.

अंथरूण पाहून पाय पसरावे

आता मुख्य हिशेबाकडे वळू. सेकंदाला चित्रासाठी किती माहिती खर्च करायची, त्या आकड्याला बिटरेट म्हणतात. तो किलोबिटमध्ये मोजतात. बिटरेट जास्त तर चित्र स्वच्छ, कमी तर चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. मग सगळ्यांनी मोठ्यात मोठा आकडा का ठेवू नये? कारण तबकडी केवढी, ते ठरलेले आहे.

विहिरीत पाणी किती ते माहीत असले, की ते किती एकरांना द्यायचे त्यावरून प्रत्येक पाळीचे माप ठरते. इथेही तसेच. तबकडी म्हणजे विहीर, मिनिटे म्हणजे एकर.

साध्या तबकडीवर ४.७ जीबी असे छापलेले असते. संगणकात पाहिले तर ४.३७ दिसते. दुकानदाराने फसवलेले नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, आणि संगणक १०७ कोटींहून थोडे अधिक धरतो. कच्चा शेर आणि पक्का शेर यांतला फरक म्हणा. दोन्हीकडे माल तेवढाच, ४७० कोटी बाइट. त्यातली थोडी जागा बांधाबंधीत जाते. शिवाय तबकडीची अगदी बाहेरची कड रिकामी राहिलेली बरी. म्हणून ४४० कोटींच्या आतच हिशेब करावा.

त्यावरून एक सोपा नियम निघतो. ५,८०,००० या आकड्याला एकूण मिनिटांनी भागा. येईल त्यातून आवाजाचे १९२ वजा करा. उरेल तो चित्राचा सरासरी बिटरेट.

उदाहरण घ्या. लग्नाचे शूटिंग दोन तासांचे, म्हणजे १२० मिनिटे. ५,८०,००० भागिले १२० म्हणजे ४,८३३. त्यातून १९२ गेले, उरले ४,६४१. ते ४,६०० धरा. असाच हिशेब करून पुढचा तक्ता दिला आहे. तो कापून संगणकाजवळ चिकटवून ठेवण्याजोगा आहे.

१ तास : ८,००० किलोबिट
दीड तास : ६,२०० किलोबिट
२ तास : ४,६०० किलोबिट
अडीच तास : ३,६०० किलोबिट
३ तास : ३,००० किलोबिट
४ तास : २,२०० किलोबिट

एक तासाला नियमाप्रमाणे ९,४७४ येतात, मग ८,००० च का लिहिले? डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा ९,८०० किलोबिट आहे, आणि चित्र, आवाज वगैरे सगळे मिळून १०,०८०. कागदावर ते बसते. पण घरी राइट केलेली तबकडी कारखान्यात छापलेल्या तबकडीइतकी नीट वाचली जात नाही, आणि जुना प्लेअर काठोकाठ भरलेल्या पाटाला दम खातो. चित्र मध्येच थबकते. ८,००० च्या वर गेल्याने डोळ्याला फरक दिसत नाही, त्रास मात्र वाढतो.

खालच्या टोकालाही सांभाळा. पूर्ण चौकटीत साडेतीन हजारांच्या खाली गेले की वरातीतल्या नाचात, अक्षता उडताना, फटाक्यांच्या धुरात चौकोन दिसू लागतात. बसून बोलणारी माणसे कमी माहितीत भागतात, कारण त्यांच्यात फेरफार थोडे असतात. नाचणाऱ्यांचा फेरफार दर क्षणी. तीन तासांचे लग्न एकाच तबकडीत कोंबण्यापेक्षा दोन तबकड्या करा. एकीवर हळद आणि सीमांतपूजन, दुसरीवर लग्न आणि वरात. एका तबकडीची काटकसर करून आयुष्यभराचे चित्र बिघडवण्यात अर्थ नाही. ८.५ जीबीची दुहेरी थराची तबकडीही मिळते, पण जुने प्लेअर तिच्याशी अडखळतात. साध्या दोन बऱ्या.

दोन फेऱ्यांची बांधणी

प्रोग्राम आणखी एक प्रश्न विचारतो. माहिती सगळीकडे सारखी वाटायची, की गरजेप्रमाणे? सारख्या वाटपात भाषणालाही तेवढीच आणि नाचालाही तेवढीच. म्हणजे मुरमाड वावराला आणि काळ्या रानाला एकच पाळी दिल्यासारखे. गरजेप्रमाणे वाटप केव्हाही चांगले. तेही 'दोन फेऱ्यांचे' निवडा. त्यात एन्कोडर पहिल्या फेरीत सगळे शूटिंग नुसते पाहून घेतो, कुठे हालचाल जास्त ते टिपतो, आणि दुसऱ्या फेरीत वाटणी करतो. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. पण रात्री जेवणानंतर काम लावून ठेवले तर सकाळी धारा काढून होईतो फाइल तयार असते. तक्त्यातला आकडा 'सरासरी'च्या रकान्यात लिहा आणि 'कमाल'च्या रकान्यात ८,५०० ठेवा. 'बफर' विचारला तर १,८३५ किलोबिट. बफर म्हणजे प्लेअरमधला छोटा हौद. त्यात मावेल तेवढेच पाणी एका वेळी सोडता येते, म्हणून हा आकडा आपल्या मनाने वाढवू नये. तासाभराच्या शूटिंगला मात्र फेऱ्यांची फिकीर नको. तिथे पाणी मुबलक आहे.

कॅसेटची गोष्ट वेगळी

कॅसेटचे चित्र ओळीआड ओळ असे घेतलेले असते. शेतात जसे एका ओळीत तूर, मधल्या ओळीत मूग, तसे. आधी एकाआड एक ओळींचा एक संच येतो, मग मधल्या ओळींचा दुसरा. सेकंदाला असे ५० अर्धे संच. डीव्हीडीलाही ही पद्धत मान्य आहे, तेव्हा ती मोडू नका. संगणकावर पाहताना हलत्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्या पाहून घाबरून कोणी दोन्ही संच एकत्र कालवून टाकतात. मग टीव्हीवर चाल अडखळती दिसते. रेघा संगणकापुरत्या आहेत, टीव्हीवर त्या जातात. एन्कोडरला फक्त 'इंटरलेस्ड' असे सांगावे, आणि कोणता संच आधी ते बरोबर सांगावे. वरचा आधी की खालचा आधी, हे कॅसेट ज्या यंत्रातून संगणकात घेतली त्याच्यावर अवलंबून असते. उलटे झाले तर चालणारा माणूस दोन पावले पुढे, एक पाऊल मागे असा थरथरत जातो. वरातीचा एक मिनिटाचा तुकडा दोन्ही प्रकारे करून टीव्हीवर पाहिला की लगेच निकाल लागतो. फोनच्या शूटिंगला ही भानगड नाही. तिथे 'प्रोग्रेसिव्ह' निवडा.

आता त्या ३५२ बाय ५७६ च्या चौकटीचे सांगतो. व्हीएचएस कॅसेटवर आडवा बारकावा मुळातच थोडा असतो. त्याला ७२० ठिपके दिले काय आणि ३५२ दिले काय, दिसायला फारसा फरक नाही. मात्र अर्ध्या ठिपक्यांना माहिती कमी लागते. म्हणून तीन तासांची कॅसेट एकाच तबकडीवर हवी असेल तर ही चौकट घ्या. ३,००० किलोबिटमध्ये चित्र नीट येते. चार तासही २,२०० मध्ये बऱ्यापैकी बसतात. उभ्या ५७६ ओळींना मात्र हात लावू नका. ओळी कमी केल्या की तुरीत मूग मिसळला म्हणून समजा.

जुन्या फितीवर चित्रात मुंग्या नाचल्यासारखे ठिपके असतात. एन्कोडरला ती हालचालच वाटते, आणि त्या मुंग्यांचेही फेरफार तो इमानाने लिहीत बसतो. अर्धे पाणी त्यातच जाते. प्रोग्राममध्ये 'नॉइज' कमी करण्याची सोय असेल तर ती हलक्या हाताने वापरा. जास्त वापरली तर आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसल्या जातील.

आणि एक सावधगिरी. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट यंत्रात घालू नका. फीतही जाते आणि यंत्राचे हेडही. जाणकाराकडून ती आधी साफ करून घ्या.

फोनचे शूटिंग

इथे पहिला नियम, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल घेऊ नका. पाठवताना ती तिथे आधीच आवळलेली असते. उसाचा रस निघून गेल्यावर चिपाड कितीही पिळले तरी काय येणार? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार! ज्याने शूटिंग केले त्याच्या फोनमधून केबल किंवा पेनड्राइव्हने मूळ फाइल घ्या. त्याच कारणाने एकदा एमपेग-२ केलेली फाइल कापून-जोडून पुन्हा एमपेग-२ करू नका. काटछाट आधी मूळ फाइलवर करा, बांधणी शेवटी एकदाच.

दुसरे असे की फोन सेकंदाला साधारण ३० चित्रे घेतो, आणि उजेड कमी-जास्त झाला की तो आकडा आपल्या मनाने बदलतो. त्यामुळेच कधी कधी आवाज मागे-पुढे सरकतो. एन्कोडरला 'कायम २५' असे बजावून सांगा. पुढचे लग्न डीव्हीडीसाठीच घ्यायचे असेल आणि फोनच्या सेटिंगमध्ये २५ किंवा ५० ची सोय असेल, तर सुरुवातीपासून तीच ठेवा. चित्र जास्त सुरळीत येते. नावांची पाटी टाकताना अक्षरे कडेला नेऊ नका. जुने टीव्ही चित्राच्या कडा झाकतात, आणि 'चि. सौ. कां.' मधले 'चि.' बाहेर राहते.

प्रोग्राम कोणता?

पैसे मोजायची गरज नाही. 'एफएफएमपेग' नावाचा फुकट प्रोग्राम आहे. २००० साली फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी तो सुरू केला आणि आज जगभरातले लोक मिळून तो चालवतात. त्यात हुकूम टाइप करून द्यावे लागतात. 'टार्गेट' या शब्दापुढे 'पाल-डीव्हीडी' असे इंग्रजीत लिहिले की चौकट, २५ चित्रे, १५ ची जीओपी, एसी-३ आवाज, बफर ही सारी मापे तो आपोआप भरतो. पण एक लक्षात ठेवा. तो चित्राला ६,००० आणि आवाजाला ४४८ किलोबिट धरतो. आपल्या नियमाने हे दीड तासाला पुरते. शूटिंग त्याहून लांब असेल तर तक्त्यातला आकडा स्वतः सांगावा लागतो. पुष्कळांची तबकडी 'भरली' म्हणून अडते ती इथेच.

हुकूम टाइप करणे नको असेल तर 'डीव्हीडीस्टायलर' हा दुसरा फुकट प्रोग्राम आहे. त्यात चित्रे पाहून, बटणे दाबून काम होते, आणि सुरुवातीला हळद, लग्न, वरात अशी यादी लावता येते. 'हँडब्रेक' हे नाव तुम्ही ऐकले असेल. तो चांगला आहे, पण मुख्यतः उलट्या दिशेचा. डीव्हीडीवरून फोनसाठी फाइल करायला तो वापरतात.

नुसती एमपेग-२ फाइल म्हणजे डीव्हीडी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. तबकडीवर 'व्हिडिओ टीएस' नावाचा कप्पा असावा लागतो, आणि त्यात ठरावीक नावाच्या, प्रत्येकी एक जीबीच्या आतल्या फाइल. धान्य झाले तरी ते मापाच्या पोत्यात भरल्याशिवाय बाजार समितीत चालत नाही. हे पोत्यात भरणे डीव्हीडीस्टायलर करून देतो.

राइट करताना आणि नंतर

घाई करू नका. रायटरचा वेग १६ पट असला तरी ४ किंवा ८ पटींवर राइट करा. 'फायनलाइज' केल्याशिवाय तबकडी बाहेर काढू नका. तबकडी आतून बाहेर अशी लिहिली जाते, म्हणून बिघाड बहुधा शेवटाला, म्हणजे नेमका पाठवणीच्या प्रसंगाला दिसतो. तेव्हा नुसती सुरुवात पाहून समाधान मानू नका. आधी, मध्ये आणि अगदी शेवटी, असे तीन ठिकाणी घरच्याच प्लेअरवर पाहा. पहिली चाचणी पुन्हा-पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू तबकडीवर केली तर काही वाया जात नाही.

तबकडीवर कागद चिकटवू नका, बॉलपेनने लिहू नका. मऊ टोकाच्या पेनाने मधल्या भागात नाव आणि साल लिहा. ती डबीत उभी ठेवा, उन्हापासून, चुलीपासून आणि पत्र्याच्या तापीपासून दूर.

काम स्टुडिओत देणार असाल तर नुसते "दादा, एवढी डीव्हीडी करून द्या" म्हणू नका. चार गोष्टी विचारा. पाल आहे ना? एका तबकडीवर किती मिनिटे घालणार? प्रमाण ४:३ ठेवणार की १६:९? आणि कॅसेटवरून संगणकात उतरवलेली मूळ फाइल पेनड्राइव्हवर देणार का? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. डीव्हीडी ही आजीने पाहण्याची वस्तू आहे, जपून ठेवायची वस्तू ती मूळ फाइल आहे. तबकडीवर उतरवताना जो बारकावा गेला तो परत येत नाही. मूळ फाइल असली तर पुढे टीव्ही बदलला, प्लेअर गेला, तरी तिच्यातून हवे ते पुन्हा करता येते. तिच्या दोन प्रती ठेवा, आणि त्या दोन घरांत असू द्या. एक मुलाकडे, एक मुलीकडे. घरचा टीव्ही नवा असून त्याला पेनड्राइव्ह लावता येत असेल, तर त्याच फाइलवरून एमपी-४ करून थेट पाहता येईल. मग तबकडीची गरज आजीच्या जुन्या प्लेअरपुरतीच.

तबकडी तयार झाली म्हणून कॅसेट मात्र लगेच टाकून देऊ नका. पुरी तीन तासांची तबकडी घरातल्या थोरामोठ्यांबरोबर बसून शेवटपर्यंत पाहा. त्यात दिसणाऱ्या माणसांची नावे, नाती आणि गावे एका वहीत लिहून घ्या. कोण कुठे उभे आहे, मंगलाष्टक कोणी म्हटले, हे सांगणारी माणसे आज आहेत तोवरच हे काम होण्याजोगे आहे. बिटरेटचा हिशेब उद्याही करता येईल. ती नावे सांगायला आजी उद्या असेलच असे नाही. तेव्हा या दिवाळीत सगळे घरी जमतील तेव्हा कपाटाचा तो वरचा खण जरूर उघडा.